अडवलेलं पाणी : घरी एस्प्रेसो करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

महाराष्ट्रात बहुतेकांनी ‘एक्स्प्रेसो’ पहिल्यांदा प्यायली ती लग्नात. पंगतीपासून जरा बाजूला, मांडववाल्याच्या वायरींशेजारी, चकचकीत टाकीचं एक यंत्र उभं असे. कपात इन्स्टंट कॉफी आणि साखर, त्यावर दूध, मग किंचाळत दुधात शिरणारी वाफेची नळी, आणि फेस काठाला आला की वर चॉकलेट पावडरची चिमूट. ती कॉफी मला आजही आवडते आणि तिला नावं ठेवण्यासाठी हे लिहायला बसलेलो नाही. पण त्या टाकीत एस्प्रेसो मशीनचं अर्धंच अंग होतं, वाफेचं. दळलेल्या कॉफीतून गरम पाणी दाबाखाली रेटणारं दुसरं अर्धं अंग त्यात नव्हतंच. या पुस्तिकेचा विषय ते दुसरं अंग आहे.

खुद्द इटलीतही पहिली साठेक वर्षं कारभार वाफेचाच होता. तोरिनोच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते घाऊक कॉफी काढणारं यंत्र होतं. मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये एकेका गिऱ्हाइकापुरती, थेट कपात उतरणारी कॉफी काढायची सोय केली. कॉफी भरून यंत्रात अडकवायची मुठीची ती पळी, जिला आज सगळे पोर्टाफिल्टर म्हणतात, ती या यंत्राची देणगी. देसिदेरिओ पावोनीने बेझ्झेराचे हक्क विकत घेतले आणि यंत्रं बाजारात आणली. गिऱ्हाईक उभं राहिलं, कॉफी प्यायलं, कामाला गेलं, अशी इटालियन कॉफी-बारची रीत या यंत्रांनी बसवली.

चव मात्र यथातथाच असणार, आणि त्याचं कारण साधं भौतिकशास्त्राचं आहे. बॉयलरमधल्या वाफेचा दाब जेमतेम दीड बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून साधारण दीडपट जास्त. तो वाढवायचा तर आच वाढवावी लागते, आणि आच वाढली की पाणीही तापतं. बंद भांड्यातली वाफ दाब आणि तापमान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू देत नाही. दीड बारला बॉयलरमधलं पाणी १२० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. एवढ्या गरम पाण्याने आणि वाफेने कॉफी करपट, कडू लागते. म्हणजे दाब हवा तर करपणं पत्करा, आणि करपणं नको तर दाब विसरा.

हा तिढा सोडवला मिलानच्याच आकिल्ले गाजियाने. त्याचं पहिलं पेटंट १९३८ चं. मध्ये महायुद्ध गेलं. १९४७ मध्ये लिव्हरच्या यंत्राचं पेटंट आलं आणि १९४८ पासून ती यंत्रं बारमध्ये दिसू लागली. युक्ती अशी की बॉयलरने फक्त पाणी गरम करायचं, दाब द्यायचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं. माणूस लिव्हर खाली ओढतो, आतली जाड स्प्रिंग आवळली जाते, कॉफीवर गरम पाणी येतं. लिव्हर सोडला की स्प्रिंग मोकळी होत पिस्टन खाली ढकलते आणि पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने कॉफीतून जातं. दाब आणि उष्णता यांची फारकत झाली. कपात कॉफीवर तपकिरी फेसाचा एक थर दिसू लागला, जो आधी कुणी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकं बिचकली. गाजियाने त्या फेसालाच ‘कॉफीची साय’ म्हणून मिरवलं आणि आपलं यंत्र वाफेशिवाय चालतं हे यंत्रावरच लिहून टाकलं. आपल्या लग्नातल्या कॉफीचा सगळा दिमाख वाफेचा, आणि आधुनिक एस्प्रेसोची पहिली जाहिरात वाफ नसल्याची!

पुढचा टप्पा १९६१ चा. फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला. (नावातला ई सूर्यग्रहणाचा, त्या वर्षी इटलीत खग्रास ग्रहण दिसलं होतं.) त्याच्या जड पितळी तोंडातून गरम पाणी सतत फिरत राहतं, त्यामुळे ते तोंड तापलेलं राहतं. ही रचना इतकी पक्की निघाली की आजही घरगुती महागड्या यंत्रांवर तेच तोंड जसंच्या तसं बसवलेलं दिसतं. त्यानंतरचा इतिहास सुधारणांचा आहे; तो मी इथे गाळतो.

आता मुद्द्याचं. दुकानात यंत्र बघायला गेलात की खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं : १५ बार. कुठे कुठे २० बारही. विक्रेता तो आकडा गाडीच्या सीसीसारखा ऐकवतो. पण पंप पाणी ढकलतो, एवढंच. पोर्टाफिल्टर रिकामा ठेवून पंप चालू करा आणि यंत्राला दाबाचा काटा असेल तर त्याच्याकडे बघा : पाणी भदाभदा खाली पडेल आणि काटा शून्याच्या आसपास रेंगाळेल. कॉफी भरा, आणि मगच काटा चढू लागेल. पाण्याला कुणीतरी अडवल्याशिवाय दाब तयार होत नाही, आणि अडवणारी असते ती दळलेल्या कॉफीची चकती. खोक्यावरचे १५ बार म्हणजे वाट पूर्ण बंद झाली तर पंप जास्तीत जास्त किती जोर लावेल तो आकडा. बऱ्या यंत्रांत जादा दाब सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि तो नऊच्या आसपास लावलेला असतो. एस्प्रेसो घडते ती या अडवण्यात. मला या पानांत जे काही सांगायचं आहे ते सगळं इथून निघतं.

नऊ बार म्हणजे किती, याचा अंदाज असू द्या. ५८ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर या दाबाचा एकूण भार सुमारे २४० किलो होतो. आपण टॅम्पर घेऊन भुकटी दाबतो तो जोर फार तर पंधरा किलोंचा. तेव्हा टॅम्पर किती जोरात दाबावा, कोपर कुठल्या कोनात असावं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात ते मला पटत नाहीत. पाणी येताच तुमचे पंधरा किलो कुठल्या कुठे जातात. चकती सपाट बसली पाहिजे, तिरकी नको, हे मात्र खरं. कारण तिरकी चकती एका बाजूला पातळ असते आणि पाणी तीच बाजू पकडतं.

मग अडवणूक ठरते कशावर? मुख्यतः दळण्यावर. घरातला मिक्सर इथे कामाचा नाही, कितीही वॉटचा असला तरी. मिक्सरचं पातं दाण्यावर आपटत राहतं. जे सापडलं ते पीठ, जे निसटलं ते भरड. कॉफी ग्राइंडर जात्याच्या जातीचा असतो : दोन दातेरी चकत्या, त्यांच्यात ठरलेली फट, आणि त्या फटीत मावेल एवढं बारीक झाल्याखेरीज दाण्याला सुटका नाही. ही फट केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने हलवता यायला हवी, कारण तेवढ्यानेच वीस सेकंदांचा शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, तीस सेकंदांवर जातो. फिल्टर कॉफीसाठी किंवा फ्रेंच प्रेससाठी घेतलेल्या स्वस्त ग्राइंडरच्या दोन टप्प्यांत इतकी मोठी उडी असते की एकावर पाणी धावतं आणि पुढच्यावर थेंब पडत नाही. म्हणून माझा सल्ला आधीच देऊन ठेवतो : बजेट जे असेल त्यातला मोठा वाटा ग्राइंडरला द्या. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर असला तरी चालेल. एका वेळच्या १८ ग्रॅम कॉफीला दंड थोडा दुखेल, पण भारी मशीन आणि भिकार ग्राइंडर या जोडीपेक्षा साधं मशीन आणि हा ग्राइंडर ही जोडी केव्हाही सरस.

प्रमाणांविषयी दोन परंपरा आहेत. इटलीत १९९८ साली स्थापन झालेल्या एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने मापं लिहून ठेवली : सात ग्रॅम कॉफी, नऊ बार दाब, पंचवीस सेकंद, कपात पंचवीस मिलिलिटर, आणि यंत्रातून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ८८ अंश, सगळ्यांत थोडी सवलत धरून. नव्या पिढीचे कॉफीवाले पोर्टाफिल्टरमध्ये दोन शॉटांची मोठी बास्केट (कॉफी भरायची जाळीदार वाटी) वापरतात, १८ ग्रॅम कॉफी घालून ३६ ग्रॅम काढतात, आणि मिलिलिटरऐवजी वजन मोजतात, कारण फेस फसवतो. कॉफी ताजी असेल तर तीस मिलिलिटर दिसणाऱ्या कपात बराचसा फेसच असू शकतो. घरी शिकणाऱ्याने दुसरी पद्धत धरावी. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हे या छंदातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी साधन आहे.

एक शॉट जवळून बघू. १८ ग्रॅम कॉफी बास्केटमध्ये पडली की ती ढिगासारखी एका बाजूला कललेली असते, तिच्यात गुठळ्या असतात. बारीक सुया लावलेल्या एखाद्या हत्याराने, नाहीतर बुचात खोचलेल्या चार सुयांनी, ती तळापर्यंत हलवून मोकळी करायची. ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन वाइस या हौशी माणसाने २००५ साली मांडली. तेव्हा ती पोरखेळ वाटली असेल, आज स्पर्धांतले बरिस्ताही ती करतात. मग सपाट दाबायची, पोर्टाफिल्टर अडकवायचा, खाली काट्यावर कप, आणि पंप सुरू. पहिले पाच-सात सेकंद काहीच होत नाही. पंपाचा आवाज आधी मोकळा असतो, मग घुसमटतो. चकती भिजली, फुगली, आणि अडवू लागली. बास्केटच्या तळाशी काळपट थेंब जमतात. ते एकत्र येतात आणि मधासारखी दाट धार सुरू होते, जिला इटलीत ‘उंदराची शेपटी’ म्हणतात. धार आधी गडद तपकिरी, मग पिवळसर, मग फिकट होत जाते. काटा ३४ वर आला की पंप बंद. नळीत राहिलेलं दोन ग्रॅम खाली येतंच. घड्याळात २८ सेकंद दिसले तर सुरुवात चांगली झाली.

तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर वापरलात तर चुकाही दिसतात. मध्येच एखादी पिचकारी बाहेर उडते, थेट शर्टावर. पाण्याला चकतीत एखादी भेग सापडलेली असते. पाणी आळशी असतं. जिथे अडवणूक कमी तिथे ते घुसतं, त्या वाटेवरच्या कॉफीला पार धुऊन काढतं आणि बाजूची कॉफी जवळपास कोरडीच सोडतं. अशा शॉटला आंबट आणि कडू या दोन्ही चवी एकाच घोटात येतात, आणि नवख्याला कळत नाही की बारीक दळावं की जाड. उत्तर असं की दळणीला हात लावू नये. आधी सुया, मग सपाटी बघावी.

एरवी चवीचं गणित सरळ आहे. पाण्यात कॉफीतली आम्लं सगळ्यांत लवकर उतरतात, गोडवा मागून येतो, कडवटपणा आणि तुरटपणा शेवटी. यावर विश्वास बसत नसेल तर एक शॉट तीन कपांत पकडा : पहिले दहा सेकंद एकात, पुढचे दहा दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. पहिला कप आंबट, खारट, तोंड वाकडं करणारा, दुसरा त्यातल्या त्यात बरा, तिसरा पाणचट कडू. एकही कप एकट्याने पिण्याजोगा नसतो, तिन्ही एकत्र केले की एस्प्रेसो होते. तेव्हा शॉट आंबट लागला तर पाणी फार लवकर निसटलं : बारीक दळा, किंवा थोडी जास्त कॉफी कपात येऊ द्या. कडू आणि तुरट लागला तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

बारीक दळत राहिलं की चव सुधारतच जाते असं मात्र नाही. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली गणित आणि प्रयोग दोन्ही मांडून दाखवलं की एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर चकतीचे काही भाग बुजतात, पाणी उरलेल्या भागातून जातं, आणि कॉफी जास्त उतरण्याऐवजी कमी उतरते. शिवाय दोन शॉट सारखे येत नाहीत. त्यांचा सल्ला थोडी जाड दळा, कॉफी कमी घाला असा होता. बारमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. मला तो सल्ला सगळ्या बियांना लागू पडतो असं वाटत नाही, पण ‘अजून बारीक’ हे एकच औषध सांगणाऱ्यांना तो जरूर ऐकवावा.

फेसाविषयी, म्हणजे क्रेमाविषयी, माझं मत जरा फटकळ आहे : त्याचं फार कौतुक झालं. भाजताना बियांत कार्बन डायऑक्साइड अडकतो, दाबाखाली तो पाण्यात विरघळतो, कपात दाब सुटताच बुडबुडे होऊन बाहेर येतो. फेस आहे म्हणजे कॉफी ताजी भाजलेली आहे, एवढंच तो सांगतो. अगदी कालची भाजलेली कॉफी भलामोठा फेस आणि वाईट चव दोन्ही देते. आठवडा-दोन आठवडे तिला विश्रांती लागते. चमच्याने वरचा फेस नुसता चाखून बघा, तो कडू असतो. स्वस्त यंत्रांबरोबर दुहेरी तळाची बास्केट येते, जिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असतं. तिथे पाण्याला कॉफी अडवत नाही, भोक अडवतं. जाड दळलेली, महिन्यांपूर्वीची भुकटी घातली तरी त्यातून फेस निघतो. सुरुवातीला ती वापरायला हरकत नाही, पण तिच्यावर दळणी शिकता येत नाही.

बियांची गोष्ट आपल्या जवळची आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीत जवळजवळ सत्तर टक्के रोबस्टा, आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश इटली. कोडगू आणि चिकमगळूरच्या बऱ्याचशा बिया जहाजाने इटलीला जातात आणि तिथल्या मिश्रणांत शिरतात. रोबस्टामध्ये कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, फेस दाट, अंग भारी. धुऊन नीट तयार केलेला भारतीय रोबस्टा एस्प्रेसोसाठी नावाजला जातो, आणि नेपल्सकडचा माणूस रोबस्टाशिवाय एस्प्रेसो मानायलाच तयार नसतो. आपल्याकडे मात्र पाकिटावर ‘१०० टक्के अरेबिका’ छापलं की माल भारी, असा समज पसरला आहे. रोबस्टा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ७०-३० मिश्रण करून बघावं. मंगळूरला पावसाळी वारं देऊन फुगवलेली मॉन्सून्ड मलबारही या कामाला चांगली. तिच्यात आम्ल कमी, त्यामुळे नवशिक्याच्या चुका ती पोटात घालते. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची भुकटी मात्र इथे आणू नका, तिचं घर वेगळं आहे. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते दुकानातच ठेवावं.

परदेशी पुस्तकं वाचून शिकणाऱ्याला आपल्या घरच्या काही गोष्टी कुणी सांगत नाही. पाणी ही पहिली. आरओचं पाणी जवळपास क्षाररहित असतं. त्यात कॉफी सपक उतरते, आणि काही यंत्रांच्या टाकीतला पातळी ओळखणारा सेन्सर अशा पाण्याला ओळखतच नाही. बोअरचं पाणी दुसऱ्या टोकाचं. बॉयलरमध्ये क्षारांची पुटं चढून यंत्र बसतं. बहुतेक शहरांत नळाचं गाळलेलं पाणी, किंवा थोडं आरओ आणि थोडं नळाचं, हा मार्ग सापडतो. दुसरी गोष्ट हवा. मुंबई-कोकणात जून लागला की कॉफी दमट होते आणि मे महिन्यात जमलेल्या सेटिंगवर शॉटची वेळ हलते. नागपूरच्या कोरड्या हवेत उलटा त्रास : दळलेली भुकटी स्थिर विजेने ग्राइंडरला चिकटते आणि ओट्यावर उडते. दळण्याआधी बियांना पाण्याचा एक थेंब लावून हलवलं की तो त्रास जातो. तिसरी गोष्ट, अमेरिकेतला भाचा कौतुकाने मशीन घेऊन येतो तेव्हा आधी त्याच्या मागची पट्टी वाचा. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपला सॉकेट २३० चा.

मोका पॉटबद्दल लोक हमखास विचारतात. आल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्याने १९३३ साली आणलेलं हे अॅल्युमिनियमचं अष्टकोनी भांडं इटलीतल्या घराघरांत आहे, आणि त्यातून निघते ती एस्प्रेसो नव्हे. त्याचा दाब बेझ्झेराच्या काळातलाच, दीड बारच्या आसपास, आणि तोही वाफेचाच. पण मंद आचेवर, गुरगुर सुरू व्हायच्या आत उतरवलेली मोकाची कॉफी दुधात फार छान लागते. ज्याला रोज सकाळी दोन मग कॅपुचिनोसारखं काहीतरी हवं आहे आणि सुया, काटे, सेकंद यांचा कंटाळा आहे, त्याने खुशाल मोका घ्यावा आणि ही पुस्तिका भेट देऊन टाकावी. वीज न लागणारी हाताच्या लिव्हरची छोटी साधनंही आता मिळतात. त्यांतून खरोखरची नऊ बारची एस्प्रेसो निघते, दंडात जोर आणि सकाळी वेळ असेल तर.

दुधाचं प्रकरण सगळ्यांत शेवटी घेतलं आहे. दूध तापवून साय धरलेलं असेल तर सायीचे कण फेस मोडतात. पिशवीतलं पाश्चराइझ केलेलं दूध फ्रीजमधून थेट जगमध्ये घ्यावं, ते आधी उकळायची गरज नसते. म्हशीच्या दुधाला अंग असतं, पण ते एस्प्रेसोला सहज गिळून टाकतं, म्हणून मात्रा कमी ठेवावी. जग हाताला सोसेनासा झाला, म्हणजे साठ-पासष्ट अंशांच्या आसपास, की वाफ बंद. पानं-फुलं काढण्याची नक्षी या पुस्तिकेत नाही. ती शिकवणारे पुष्कळ आहेत.

प्रकरणांचा क्रम वाचकाला उलटा वाटेल : आधी ग्राइंडर, मग बिया आणि पाणी, मग शॉट, आणि यंत्र निवडण्याचं प्रकरण त्याच्याही नंतर. मशीन आधीच घेऊन बसलेल्यांनी ते निवडीचं प्रकरण वगळलं तरी चालेल, फक्त त्यातला सफाईचा भाग वाचावा. यंत्राच्या तोंडातली जाळी रोज पुसली नाही तर तिथे कॉफीचं तेल खवट होतं, आणि मग माणूस आठवडाभर दळणी बदलत बसतो.